पाठवले २५६, आले २५७

डोंबिवली पूर्व,
१ फेब्रुवारी १९९८

ती. चांगदेवमामांस,
रंभाचा जयभीम.

मागच्या रविवारी आंबिवलीला आले तेव्हा तुम्ही पाटीवर लिहून विचारलंत, 'नोकरीत नेमकं करतेस काय?' मी उत्तर लिहायला घेतलं तर चार ओळींत पाटी भरली, आणि जाईमामीने ती पुसून त्यावरच मटार सोलायला घेतले. म्हणून हे पत्र. तुम्हाला ऐकू येईनासं झालं आणि तुम्ही बोलणंही पाटीवरच आणलंत, तेव्हापासून आपल्या नातलगांत पत्रं लिहिणारी आपण दोघंच उरलोय, आणि खरं सांगू का, मला ते आवडतं.

मानपाडा रोडला एका शेडच्या माळ्यावर आमची कंपनी आहे. माणसं आठ, कंप्युटर पाच, पंखे दोन. मालक श्रीपाद सर. पणजीचं नाव मला ठेवलंत त्यामुळे मुलाखतीत पहिलाच प्रश्न 'खरंच रंभा?' असा आला. मी म्हटलं, दाखला आणलाय. बहुतेक तेवढ्यावरच घेतलं.

आम्ही एक प्रोग्राम केलाय, त्याचं नाव 'आण'. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची: आण, कुठून, कोणती फाइल. मोडेम थोडा वेळ कण्हतो आणि सरांच्या ठाण्याच्या घरी ठेवलेल्या कंप्युटरवरची फाइल फोनच्या तारेतून आमच्याकडे येते. प्रोग्राम लिहिला चंदूने, हा ठाण्याच्या कोळीवाड्यातला. तपासायचं काम माझं. गिऱ्हाईक जवळचीच एक रंगकंपनी. कापड रंगवताना मीठ किती किलो, सोडा किती, रंग किती, याच्या याद्या त्यांना मुख्य ऑफिसातून रोज आणायच्या असतात आणि सरळ हौदाच्या यंत्राला द्यायच्या असतात. या याद्यांत अक्षरं नसतात, नुसते आकडे, शून्य ते दोनशे पंचावन्न. अशा फाइलला बायनरी म्हणतात. पहिल्या दिवशी मी अशी एक फाइल चुकून पडद्यावरच ओतली. हसरे चेहरे, पत्त्यांतले बदाम आणि किलवर, आणि मध्येच कंप्युटर टीं टीं वाजायला लागला. सगळं ऑफिस गोळा झालं.

आमची तपासणीची पद्धत ठरलेली आहे. कुठल्याही नव्या प्रोग्रामने पहिली फाइल आणायची ती 'श्री'. सरांचे वडील परशुराम मास्तर चित्रकला शिकवायचे. त्यांनी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून श्री काढला होता, सरांनी त्याचे आकडे करून कंप्युटरात घातले. नवं पेन घेतल्यावर लोक आधी श्री लिहून बघतात, तसंच हे. 'आण'ने तो शंभरदा आणला असेल, शंभरही वेळा पडद्यावर सुबक उमटला.

माझी उमेदवारी ३१ मार्चला संपते. तपासणीच्या अहवालावर माझी सही झाली आणि प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे गेला की मी कायम. मी होणार आहे, मामा. आईला आत्ताच सांगू नका, ती पेढ्यांचा विचार करायला लागेल.

तुमची,
रंभा

•

आंबिवली,
५ फेब्रुवारी १९९८

चि. रंभास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. टीं टीं वाचून मन भरून आलं. आमच्या तारऑफिसातल्या टेलिप्रिंटरलाही घंटा होती. निरोपात घंटेची खूण आली की यंत्र वाजायचं, मग मी जेवायचा डबा टाकून धावायचो. चौतीस वर्षं त्या खडखडाटात काढली आणि कान तिथेच ठेवून आलो. पण तुझं यंत्र मला परकं वाटलं नाही. तेही आकडेच ओढतं, आमचंही कागदी पट्टीवरची छिद्रंच ओढायचं.

आता कान उपटतो. एकाच फाइलने तपासणी? शंभरदा आणली म्हणजे एकदाच आणली!

आम्ही सकाळी लाइन तपासायचो तेव्हा सलामबिलाम पाठवत नव्हतो. आर-वाय-आर-वाय-आर-वाय अशी ओळ पाठवायचो. का माहीत आहे? आरच्या वेळी पट्टीवर दुसरं आणि चौथं छिद्र पडतं, वायच्या वेळी पहिलं, तिसरं, पाचवं. म्हणजे यंत्राचं प्रत्येक बोट आळीपाळीने उचललं जातं. एक जरी आखडलेलं असलं तरी लगेच कळतं. वाचायला ती ओळ निरर्थक, पण यंत्राची परीक्षा त्याच ओळीने होते.

मास्तरांचा श्री सुंदर असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यात कोणते आकडे आहेत ते तू मोजलंस का? तुझ्याकडे शून्य ते दोनशे पंचावन्न असे आकडे आहेत ना, तर ते सगळे ओळीने एका फाइलमध्ये घाल आणि ती आणून बघ. एकूण दोनशे छप्पन्न. मग मला सांग.

जाईबाई म्हणते पाटीवर मटार सोलले नव्हते, वाल सोलले होते. नोंद घ्यावी.

तुझा मामा,
चांगदेव

•

डोंबिवली पूर्व,
२२ फेब्रुवारी १९९८

ती. मामांस,
जयभीम.

पाठवले दोनशे छप्पन्न, आले दोनशे सत्तावन्न.

माझा आधी विश्वासच बसेना. तीनदा आणली, तीनदा तेच. मग दोन्ही फाइलींचे आकडे छापून काढले आणि पट्टी ठेवून ओळीने जुळवत गेले. शून्य, एक, दोन... नऊपर्यंत ठीक. दहाच्या जागी तेरा आलं आणि त्याच्यामागून दहा. पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकलेले. आणखी एक फाइल केली, तिच्यात सात वेळा दहा घातले. सात आकडे जास्त आले. म्हणजे जिथे जिथे दहा आहे तिथे 'आण' स्वतःच्या पदरचा एक तेरा घालतो.

का, ते चंदूबरोबर डोकं लढवल्यावर सापडलं. 'आण'ने फाइल दोन प्रकारे आणता येते. नाव देऊन डिस्कवर ठेवली तर ठीक येते. पण पडद्याकडे ओतायला सांगून तो ओघ फाइलमध्ये वळवला, तर आमचा कंप्युटर समजतो की हा मजकूरच आहे. मजकुरात दहा म्हणजे पुढची ओळ आणि तेरा म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परत. दहा दिसला की तो बापडा मदत म्हणून तेरा घालतो. तुमच्या यंत्रातही ही दोन कामं वेगळी होती ना? आणि रंगकंपनीला हाच दुसरा प्रकार लागतो, त्यांचं जुनं यंत्र तसंच घेतं.

मग मी श्रीचे आकडे मोजले. एकशे वीस आहेत. त्यात दहा एकही नाही. म्हणून तो कधी बिघडलाच नाही, दुसरं काही कारण नाही.

हे सगळं कागदावर मांडून शुक्रवारी सरांकडे गेले. खुशीत होते, मोठी चूक वेळेवर सापडली म्हणून. सर म्हणाले, "रंभा, फाइल मोठी आली ना? मग हरवलं तर काहीच नाही." मी म्हटलं, सर, भर पडणं हाही बिघाडच. ते म्हणाले, आठ वर्षं आपण श्रीवर तपासतोय, कोणाची तक्रार नाही, तुझ्या त्या आकड्यांच्या माळेला काही अर्थ तरी आहे का? मी म्हटलं, अर्थ नाही म्हणूनच ती घेतली. तेव्हा सगळ्यांसमोर ते म्हणाले, "तुम्हाला आमचा श्री चालत नसेल तर तसं सरळ सांगा."

 मी जागेवर येऊन बसले. पुढच्या शनिवारपर्यंत अहवालावर सही हवी आहे. बाकी तुम्ही समजून घ्याल.

तुमची,
रंभा

•

आंबिवली,
२५ फेब्रुवारी १९९८

चि. रंभास आशीर्वाद.

शाब्बास! दोनशे सत्तावन्न! मी आकडा मामीला पाटीवर मोठ्ठा लिहून दाखवला. तिला काय ते कळलं नाही, पण माझा चेहरा बघून तिने चहात साखर जास्त घातली.

अक्षरं छापणारा गाडा डावीकडे परत आणणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं, आमच्याकडे या दोन वेगळ्या कळा होत्या. त्या दाबायच्या की नाही हे माणूस ठरवायचा. तुमचं यंत्र स्वतःच ठरवतं, चूक तिथे आहे. तू ती बरोबर पकडलीस.

साहेबांविषयी वाचून मात्र बरं वाटलं. थोडे चिडले असतील, मालक चिडतोच. पण चारचौघांत तुला 'तुम्हाला' म्हणाले, चालत नसेल तर सांगा म्हणाले, म्हणजे विचारून घेतात. सहा महिन्यांच्या आत अहोजाहो! माझी भाची आहेस हे कळलं म्हणायचं. हेही मामीला लिहून दाखवलं.

सहीबद्दल माझा नियम सांगतो. जे पाहिलं तेवढंच लिहावं आणि त्यावर सही करावी, ना कमी ना जास्त. आधी साहेबांच्या श्रीचं लिही: पाठवले एकशे वीस, आले एकशे वीस. खरंच आहे ते. त्याखाली तुझ्या फाइलचं लिही: पाठवले दोनशे छप्पन्न, आले दोनशे सत्तावन्न. दोन्ही खरं. अशा कागदावर सही करताना हात कापत नाही. साहेब भला माणूस दिसतो, वाचेल.

तुझा मामा,
चांगदेव

•

डोंबिवली पूर्व,
१ मार्च १९९८

ती. मामांस,
जयभीम.

अहवाल तुम्ही सांगितलात तसाच लिहिला. काल दिला. सरांनी दोन्ही ओळी वाचल्या, कागदाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणाले, बघू. चौदा तारखेला रंगकंपनीच्या बाई प्रात्यक्षिक बघायला येणार आहेत, तोपर्यंत बघू. माझ्या कायम होण्याचं विचारलं तर तेही बघू.

मामा, आता एक लिहिते, रागावू नका. ते 'तुम्हाला' मानाचं नव्हतं.

सर मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणतात. रंभा, तू हे कर, रंभा, तू जेवलीस का. चंदूलाही तूच. मला त्याचं काही वाटत नाही, वयाने मोठे आहेत. त्या दिवशी त्यांच्यासमोर मी एकटी उभी होते आणि ते 'तुम्हाला' म्हणाले. त्यात मी होते, आई होती, तुम्ही होतात, मामी होती. आपण सगळे होतो. तुम्हाला ऐकू आलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. कागदावर दोन्ही 'तुम्हाला' सारखेच दिसतात, आणि मला वाटलं तुम्ही ओळखाल. मीच नीट लिहायला हवं होतं.

मला फार राग आला, मामा. आठ दिवस झाले, अजून आहे. माझ्या आकड्यांना ते चूक म्हणाले असते तर मी भांडले असते. पण त्यांनी आकडे पाहिलेच नाहीत, माझ्याकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं.

चंदू माझ्या बाजूने आहे. काल म्हणाला, "अगं सिंपल आहे! मी सकाळी आलेलो ना, तेव्हाच डोक्यात आलं. श्रीची एक वेलांटी वाढव, त्यात एक दहा घाल. सरांच्या समोर आण. पडद्यावर श्री फाटतो की नाय बघ. सर एकदम गार!" मी नाही म्हटलं.  "अरे पण तू जिंकशील ना," म्हणाला. मला तसं जिंकायचं नाही. तो त्यांच्या वडिलांच्या हाताचा श्री आहे, आणि माझं भांडण त्याच्याशी कधीच नव्हतं. दुसरं काहीतरी शोधेन. सापडेल मला.

तुमची,
रंभा

•

आंबिवली,
४ मार्च १९९८

चि. रंभास,

कान गेले तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं. आता वाचताही येईना असं झालं.

तुझं २२ तारखेचं पत्र पुन्हा काढलं. 'तुम्हाला आमचा' असं आहे. समोरच 'आमचा' लिहिलेलं, आणि मी त्यातून मान काढला. पोरी, नोकरीत मला ते फार वेळा ऐकू आलंय, कान शाबूत होते तेव्हा. 'तुम्ही घ्या ना पाणी, तुमचा माठ आहे तिकडे.' 'तुमचं बरं असतं.' मी घरी येऊन जाईबाईला सांगायचो, मोठे साहेब मला अहोजाहो करतात. तीही शेजारी सांगायची. ते मला कळत नव्हतं की मी कळून घेत नव्हतो, हे मला विचारू नकोस. दोन्हीची लाज वाटते.

मी उलटून कधी विचारलं नाही. घर होतं, तुझ्या आईचं लग्न व्हायचं होतं. ही कारणं खरी आहेत. पण तू माझ्यासारखं करू नकोस.

चंदूला नाही म्हणालीस ते फार चांगलं केलंस. आता मी सांगतो ते कर. त्या बाई येणार आहेत ना, त्यांचाच माल त्यांच्यासमोर आण. आम्ही लाइनवर वाद झाला की गिऱ्हाइकाचीच तार पुन्हा पाठवून दाखवायचो. आपला निरोप बिघडलेला कोणाला खपत नाही.

नोकरी गेली तर गेली. मी पेन्शनवाला आहे, आंबिवलीला ये, पाटी आहे.

तुझा मामा,
चांगदेव

•

डोंबिवली पूर्व,
१ एप्रिल १९९८

ती. मामांस आणि मामीस,
जयभीम.

वर तारीख आहे ती खरी आहे, पण आत थट्टा नाही. महिनाभर लिहिलं नाही कारण अर्धवट काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

चौदा तारखेला विमलाबाई आल्या. रंगकंपनीत रंग जुळवायचं सगळं काम त्या बघतात. पन्नाशीच्या, नखांत निळा रंग कायमचा बसलेला. सरांनी श्री आणून दाखवला. छान आला. बाईंनी हात जोडले, सर माझ्याकडे बघून हसले. मी पुढे झाले आणि म्हटलं, "बाई, तुमची एखादी रोजची यादी द्याल? जिच्यात कुठेतरी दहा किलो असेल अशी." सरांचं हसू गेलं, पण गिऱ्हाइकासमोर नाही कसं म्हणणार? बाईंनी पर्समधून फ्लॉपी काढली. फाइल ठाण्याला चढवली आणि 'आण'ने परत आणली, त्यांना लागते त्याच प्रकाराने. आकडे छापून मी कागद त्यांच्या हातात दिला. 

बाई चष्मा लावून वाचायला लागल्या. "मीठ तेरा? माझं दहा आहे. सोडा दहा? अहो सोडा वीस आहे. आणि हा वीस रंगाच्या जागी आलाय!" मग खुर्चीत बसल्या. "हे माझ्या हौदात गेलं असतं तर अख्खा लॉट काळा झाला असता, आणि मी घरी बसले असते."

इथे सरांबद्दल खरं तेच लिहायला हवं. त्यांनी ड्रॉवर उघडला, माझा अहवाल काढला आणि बाईंसमोर ठेवला. म्हणाले, "आमच्या रंभाने हे दोन आठवड्यांपूर्वी लिहून दिलेलं. मी ऐकलं नाही." बाईंनी तारीख बघितली, खालची सही बघितली, आणि म्हणाल्या, दुरुस्त झाल्यावर हिच्याच सहीने पाठवा. चंदूने दुसऱ्या दिवशी एक ओळ घातली, फक्त एक. तिचा अर्थ एवढाच की हे आकडे आहेत, हात लावू नकोस. पाठवले दोनशे छप्पन्न, आले दोनशे छप्पन्न. मग त्यांच्या चाळीस याद्या आणल्या, एकही आकडा इकडचा तिकडे नाही.

काल एकतीस तारीख. संध्याकाळी सरांनी सगळ्यांना बोलावलं, पेढे होते, माझं कायम केल्याचं पत्र लिफाफ्यात होतं. त्यांनी तो पुढे केला. मी तो लगेच घेतला नाही. कामाबद्दल ते चुकले हे त्यांनी सांगून झालं होतं, पुन्हा काही काढलं नसतं तर सगळं गोड झालं असतं. तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

मी म्हटलं, "सर, घेण्याआधी एक विचारायचंय. तुम्ही मला नेहमी तू म्हणता. त्या दिवशी 'तुम्हाला आमचा श्री चालत नसेल' म्हणालात. तुमच्यासमोर मी एकटीच होते. बाकीचे कोण होते?"

 चंदू पेढा हातात धरून उभा. सरांना लगेच कळलं, मामा, त्यांनी विचारलं नाही की कुठला दिवस. कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं आता लिफाफा परत ड्रॉवरमध्ये जाणार. गेला असता तरी चाललं असतं, हे मला तेव्हा नक्की कळलं.

ते म्हणाले, "बाकीचे माझ्या डोक्यात होते. तू एकटीच होतीस." मग सगळ्यांसमोर म्हणाले, "मी चुकलो, रंभा."

मी लिफाफा घेतला. पगार सव्वापट आहे, हे आईला सांगितलंय. बाकीचं फक्त तुम्हाला लिहिलंय. मामीला वाचून दाखवा, पाटीवर मावणार नाही.

तुमची,
रंभा

•

आंबिवली,
४ एप्रिल १९९८

चि. रंभास जयभीम.

कार्ड आहे, थोडक्यात लिहितो. काल जेवणं झाल्यावर तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज मला ऐकू येत नाही, तेव्हा कसा वाचतो कोण जाणे. संपल्यावर बघतो तर ती रडत होती आणि दोन बोटं दाखवत होती. पाटी दिली. तिने लिहिलं, 'चुकलो' हे तुम्ही दोनदा वाचलंत.

मी पत्र पुन्हा तपासलं. एकदाच आहे. दुसरा मी माझ्या पदरचा घातला. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला तो शब्द कोणी म्हटला नव्हता.

तुझा मामा,
चांगदेव